रकाना सातवा: पूर्वीचं प्रशिक्षण

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, खंड नाही. आयुष्याला वळण लागत असताना त्याची नोंद कुठेतरी हवी.

वळण असं: बायको ज्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, तिथे कोणी पेशंट एक पत्रक विसरून गेला. 'शिक्षक व्हायचंय? प्रशिक्षणासाठी अर्थसाहाय्य मिळू शकतं. तुम्ही पात्र आहात का?' बायकोने ते घडी करून पर्समधून आणलं आणि जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाली, लग्न झाल्यापासून ऐकतेय, पैसे असते तर शिक्षक झालो असतो म्हणून. आता पैसे ते देतायत.

बरोबरच आहे. शिकवणं माझ्या रक्तात आहे. वीस वर्षांपूर्वी मी ट्रेनिंगचं एक वर्ष केलंही (सुमारे). पैशाअभावी सोडावं लागलं. तेव्हापासून लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात अडकलो आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन मी घेतो. आमचे प्रश्न ठरलेले असतात. आत किती जण आहात? दिवा चालू आहे का? खाली बसा. दाराला हात लावू नका. घाबरू नका, माणूस निघाला आहे.

जेवण गेलं नाही. आनंदामुळे असावं.

६ मार्च

पत्रक बारकाईने वाचलं. नियम कडक असणार याची खात्री होती. सरकारी योजना म्हटल्यावर मेख असतेच.

वयाची अट शोधली. वयाची अट नाही. धक्का बसला. म्हणजे आनंदाचा.

आधी पदवी असेल तर पुन्हा अर्थसाहाय्य नाही, असं एका ठिकाणी वाचलं आणि मन खट्टू झालं. मी उठून चहा करून घेतला, बिस्किटं खाल्ली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शिक्षक-प्रशिक्षणाला ही अट लागू नाही. बिस्किटं तशीच राहिली.

तीन वर्षं इथेच राहणं हवं. आम्ही सोळा वर्षं याच फ्लॅटमध्ये आहोत. पाचवा मजला. मी जिन्याने जातो-येतो, व्यायाम म्हणून. लिफ्टमध्ये मी बसत नाही, कारण लिफ्टबद्दल मला सगळं माहीत आहे.

निश्चय: रविवारी अर्ज भरणे. रोज अर्धा तास आरशासमोर मोठ्याने बोलण्याचा सराव.

९ मार्च, रविवार

सराव सुरू केलेला नाही. आरसा बाथरूममध्ये आहे आणि बाथरूम सतत कोणीतरी अडवून ठेवतं.

अर्ज भरला. मुलगी आठवीत आहे आणि टायपिंग भराभर करते, म्हणून लॅपटॉप तिच्याकडे दिला. ती प्रश्न मोठ्याने वाचत होती, बायको शेजारीच कपड्यांना इस्त्री करत होती. नाव, पत्ता, घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न. सगळं सुरळीत. मग रकाना सातवा. पूर्वी शिक्षक-प्रशिक्षण घेतलं असल्यास कालावधी.

मी म्हणालो, हे सोडून दिलं तरी चालतं. मुलगी म्हणाली, लाल चौकट येतेय, बाबा, पुढे जाऊ देत नाही. इस्त्री थांबली. बायको माझ्याकडे बघत होती, तिच्या नजरेत कौतुक होतं. मी म्हणालो, एक वर्ष.

मुलीने बारा महिने टाकले.

आता रोजनिशी खाजगी आहे, तेव्हा काटेकोर लिहायला हरकत नाही. एक वर्ष म्हणजे शैक्षणिक वर्ष. त्यातही सगळं नाही. एक टर्म म्हणू.

२ एप्रिल

उत्तर आलं. अपात्र.

कारण असं की अर्थसाहाय्य आयुष्यात एकूण एका वर्षाच्या प्रशिक्षणासाठी मिळतं, आणि पूर्वी घेतलेला काळ त्यातून वजा होतो. बारातून बारा गेले, शून्य. सातव्या रकान्याने घात केला.

फार वाईट वाटलं. जेवण छान गेलं, दोनदा वाढून घेतलं. दुःखात माणूस जास्त खातो असं कुठेतरी वाचलंय. पडल्या पडल्या झोप लागली, ते थकव्यामुळे.

३ एप्रिल

ऑफिसात सर्वांना सांगितलं. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं बोललो. या देशाला शिक्षक नकोत, कारकून हवेत, असं म्हणालो. एक-दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं, निदान एकाच्या तरी. साहेब तर उभे राहिले. म्हणाले, उद्या जर हा अन्याय दूर झाला तर मी तुम्हाला एक दिवसही अडवणार नाही, नोटीससुद्धा मागणार नाही.

मी त्यांचा हात हातात घेतला. अशा प्रसंगी मन मोकळं करायला काहीच खर्च येत नाही.

७ एप्रिल

बायकोने पत्राची मागची बाजू वाचली. मी ती वाचली नव्हती, कारण पुढची वाचून मी समाधानी होतो. मागे लिहिलंय: एकवीस दिवसांत अपील करता येईल.

तिचा मुद्दा असा की ते एक वर्ष मी स्वतःच्या खिशातून केलं, कोणी मदत केली नाही आणि त्यातच पैसे संपले, तर ते वजा का धरता? दीड पान लिहिलंय तिने. पेशंटच्या फायली लिहून तिचं अक्षर सुंदर झालं आहे. मी म्हणालो, जाऊ दे, माझ्यामुळे तुला त्रास नको. ती म्हणाली, त्रास कसला, सही करा. मी न वाचताच सही केली. नवरा-बायकोत तेवढा विश्वास हवा.

पोटात गोळा आला आहे. पाव शिळा असावा.

११ एप्रिल

अर्धी रजा टाकून अर्थसाहाय्याच्या कार्यालयात जाऊन आलो. सातवा मजला, जिन्याने. खिडकीपाशी साखळीचा चष्मा घातलेल्या एक बाई बसतात. त्यांना विचारलं, समजा एका मित्राने अपील केलं असेल आणि त्याला ते मागे घ्यायचं असेल तर? बाई म्हणाल्या, घेता येतं. उत्पन्नाच्या फॉर्मवर ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांच्या सह्या लागतील. मित्र विवाहित आहेत का?

मी विचारलं, अपिलात काय तपासतात? त्या म्हणाल्या, जुन्या कॉलेजकडून हजेरीचा रेकॉर्ड मागवतो. मी म्हणालो, वीस वर्षांपूर्वीचा कागद आता कुठे शिल्लक असणार. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, त्यांच्या तळघरात सगळं आहे, परवाच त्यांनी आम्हाला एकतीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढून दिलं.

मी खुर्चीवर बसलो. पाणी मागितलं. तिथे फार उकडत होतं.

निश्चय: आजच बायकोला सगळं सांगणे. शांतपणे, मुद्देसूद. टर्म म्हणजे काय हेही समजावणे. नेमकं सांगायचं तर महिना.

त्याच दिवशी, जेवणानंतर

सांगितलं नाही. ती इस्त्री करत होती, आणि गरम इस्त्री हातात असलेल्या माणसाचं लक्ष विचलित करू नये.

२५ एप्रिल

बायकोने मला दोन शर्ट आणले. फिकट निळे, साधे, खिशाचे. म्हणाली, शिक्षकाला शोभतील. मी म्हणालो, अजून अपिलाचा निकाल कुठे लागलाय. तर म्हणाली, लागेल, आपली बाजू खरी आहे.

शर्ट मापात बसतात. गळ्याशी थोडे आवळतात, पण ते सगळेच शर्ट आवळतात हल्ली.

मुलीने सोफ्यावर वर्ग भरवला. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी. विषय तरफ. सुरुवात झकास झाली. मी म्हणालो, तरफ म्हणजे. मग तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. तिघींचे मिळून सहा डोळे, आणि सगळे उघडे. मी म्हणालो, एक मिनिट, पाणी पिऊन येतो.

मुलीला मी वीस मिनिटांनी गॅलरीत सापडलो. वाळत घातलेले कपडे मी नीट करत होतो. ती चिमटे धरून उभी राहिली.

६ मे

आज दुपारी एक फोन आला. नऊ वर्षांची मुलगी, एकटी, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. रडून रडून तिला उचकी लागली होती. मी ठरलेले प्रश्न विचारले आणि मग ती म्हणाली, काका, दोर तुटला तर?

मी तिला सगळं समजावलं. दोर एक नसतो, सहा असतात. एकेक दोर सगळी लिफ्ट पेलतो. शिवाय खाली ब्रेक असतात, वेग वाढला की आपोआप चावा घेतात. तिला म्हटलं, ओढणी एका मुठीतून सरकव आणि मूठ गच्च आवळ, बघ कशी जागीच अडते, ब्रेक तसेच धरतात. ती म्हणाली, कळलं. मग तिने मला तेच परत समजावून सांगितलं, एकही चूक न करता. बेचाळीस मिनिटं. उचकी कधी थांबली ते दोघांनाही कळलं नाही.

शेवटी तिने विचारलं, काका, तुम्हाला भीती वाटते का कधी? मी म्हणालो, छे.

साहेबांनी माझ्या शेजारी एक नवी मुलगी बसवली आहे, कामाला लागून आठवडाच झालाय. माझी जागा घ्यायला, म्हणजे अपील जिंकलो तर. ती सगळं वहीत लिहून घेते. म्हणाली, तुम्ही किती छान शिकवता. फोनवर मी उत्तम शिकवतो हे मान्य. तिथे मला कोणी बघत नाही.

२० मे, सकाळी ११

चष्म्याच्या बाईंचा फोन. तळघरात रजिस्टर सापडलं.

त्यांनी आकडा सांगितला. मी म्हणालो, त्या नावाचे दोघे होते. बाईंनी शेरा वाचून दाखवला. मी म्हणालो, हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये. आवाज स्वच्छ येत होता. बाई थांबल्या, मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, निकालाचं पत्र आठ-दहा दिवसांत पोस्टाने येईल, अर्जदार आणि जोडीदार दोघांच्या नावे.

ठीक आहे. अकरा. अकरा दिवस. लिहिलं एकदाचं.

हात कापतोय. सकाळपासून तीन चहा झालेत.

२१ मे

योजना तयार. पोस्टमन अकरा ते साडेअकराच्या मध्ये येतो. बायको दहाला दवाखान्यात जाते, मुलगी सुट्टीतल्या क्लासला. मी रोज दुपारपर्यंत रजा घ्यायची (पोट), पत्र ताब्यात घ्यायचं आणि मग शांतपणे विचार करून योग्य वेळी बायकोला सांगायचं. योग्य वेळ म्हणजे साधारण मुलीचं लग्न झाल्यावर.

योजनेत कुठेही फट नाही.

२६ मे

चार दिवस खाली पत्रपेट्यांजवळ उभा राहिलो. शेजारच्या आजोबांनी तीनदा विचारलं, नोकरी गेली का? आजपासून वरून, खिडकीतून नजर ठेवतो. पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की जिन्याने निघायचं. पाच मजले, साडेतीन मिनिटं. गुडघा धरला तर चार.

२९ मे

क्रमाने लिहितो.

अकरा वाजून बारा मिनिटांनी पोस्टमन कोपऱ्यावर दिसला. त्याच्या मागे दहा पावलांवर बायको. दवाखान्याची वीज गेली म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांना घरी सोडलं होतं, हे मला नंतर कळलं. जिन्याने मी वेळेत पोचणार नव्हतो. लिफ्ट पाचव्यावरच उभी होती, दार उघडं.

सोळा वर्षांत पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. दार लागलं. लिफ्ट तिसऱ्याच्या जरा खाली आली, खोकली आणि थांबली.

सहा दोर असतात. एकेक दोर सगळी लिफ्ट पेलतो. हे मला माहीत आहे, मी ते रोज सांगतो. तरी पाठीवरून घाम वाहायला लागला, आणि भिंती जवळ आल्या. भिंती जवळ येत नाहीत, तेही मला माहीत आहे. बटणांच्या वर लिहिलेला मदतीचा नंबर मोबाईलवरून लावला. आमचाच नंबर.

नव्या मुलीने उचलला. आत किती जण आहात? मी म्हणालो, एक. दिवा चालू आहे का? म्हणालो, आहे. खाली बसा, म्हणाली. मी बसलो. तिने आवाज ओळखला असणार, पण दाखवलं नाही. दाराला हात लावू नका, म्हणाली. मी हात काढला. मग ती दोरांबद्दल सांगायला लागली, ब्रेकबद्दल, ओढणीबद्दल. माझीच वाक्यं. मी तिला बजावलं होतं, आतला माणूस घाबरलेला असताना आपण गप्प राहायचं नाही. ती एकदाही गप्प राहिली नाही. पंचवीस मिनिटं.

मी मध्येच तिला म्हणालो, मी घाबरलेलो नाही. ती म्हणाली, हो सर.

दार उघडलं तेव्हा मेकॅनिकच्या शेजारी बायको उभी होती. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात पत्र. लिफाफा फोडलेला.

तिने मला बाटलीतलं पाणी दिलं. दोन मजले उरले होते, ते आम्ही जिन्याने चढलो, ती पुढे आणि मी मागे. मधल्या वळणावर ती थांबली आणि पत्र माझ्या हातात दिलं. त्यात असं होतं:

'रजिस्टरनुसार आपली हजेरी अकरा दिवस. अकराव्या दिवशीचा शेरा: वर्गातून खडू आणण्यास गेले, परत आले नाहीत. तीस दिवसांपेक्षा कमी कालावधी नियमानुसार पूर्वीचे प्रशिक्षण म्हणून धरला जात नाही. सबब आपण संपूर्ण अर्थसाहाय्यास पात्र आहात.'

बायको म्हणाली, "मला वाटायचं, पैसे नव्हते म्हणून. तुम्हाला परत ट्रेनिंगला पाठवायचं म्हणून मी शनिवारची ड्युटी मागून घेतली होती. सहा वर्षं."

शनिवारी ती का जाते हे मी सहा वर्षांत विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

तिथेच पायरीवर बसून तिला सांगितलं. याआधी कोणाला सांगितलेलं नाही, या वहीलाही नाही. सहावीचा वर्ग होता. माझा पहिला तास. तीस मुलं उभी राहिली, मग बसली, मग माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं. काही आलंच नाही. मी म्हणालो, खडू घेऊन येतो. जिना उतरलो, फाटक ओलांडलं, बसमध्ये बसलो. तिकीट काढायला मूठ उघडली तेव्हा कळलं, खडू माझ्या हातातच होता.

बायकोने माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी घातली. मला वाटलं, आता माहेरी जाते. मग तिने पर्स खांद्याला लावली.

"या वेळी बारा दिवस जा," ती म्हणाली. "तेराव्या दिवशी सोडलंत तर मी एक शब्द बोलणार नाही. पण बारा."

१३ जून

साहेबांनी शब्द पाळला. एक दिवसही अडवलं नाही. निरोपाचा चहा झाला, नवी मुलगी माझ्या खुर्चीत बसली. परतीचे दोर कापले गेले आहेत. सहाच्या सहा.

नियमावली पुन्हा वाचली. पहिल्या पंधरा दिवसांत कोर्स सोडल्यास अर्थसाहाय्य परत करावं लागत नाही. पानाचा कोपरा दुमडून ठेवला. सहज.

३१ ऑगस्ट

निश्चय: उद्यापासून शिक्षणक्षेत्रात क्रांती. जमल्यास. नाहीतर बारा दिवस. दोन्ही ध्येयं आपापल्या जागी मोठीच आहेत.

ताप पाहिला, नाही. पुन्हा पाहिला.

१ सप्टेंबर, सकाळी ८.४०

शाळेच्या स्टाफरूममध्ये लिहितो आहे. हल्ली पहिल्याच दिवशी वर्गात पाठवतात. निळा शर्ट घातला आहे. सहावी, नऊला.

८.४६

वर्गात डोकावून आलो. अजून रिकामा आहे. फळा पांढरा. खडू चालतच नाही, मार्कर लागतो, आणि मार्करचा ट्रे मोकळा आहे. हे काही माझ्या चुकीने झालेलं नाही. स्टेशनरीचं दुकान फाटकाबाहेर आहे, उजवीकडे, दोन मिनिटांवर. त्याला लागूनच बसस्टॉप आहे. मार्करशिवाय कोणी शिकवू शकत नाही, हे बायकोलाही पटेल.

८.५१

जाण्यापूर्वी डब्यातला एक घास खाऊन घ्यावा म्हणून पिशवी उघडली. डब्याखाली खडूचा डबा होता, न फोडलेला. त्याच्याखाली चार मार्कर, काळा, निळा, लाल, हिरवा. त्याच्याखाली डस्टर. पाण्याच्या दोन बाटल्या. आणि मुलीच्या अक्षरात चिठ्ठी: बाबा, सगळं दिलंय, काहीही आणायला जावं लागणार नाही.

८.५७

घंटा झाली. बाकं ओढल्याचे आवाज येत आहेत.

मला भीती वाटते. वीस वर्षांपूर्वी वाटली होती तेवढीच, तसूभरही कमी नाही. पोट ठीक आहे, चहा एकच झाला आहे, उकाडाही नाही. भीतीच आहे ही.

आत किती जण आहेत? तीस. दिवा चालू आहे का? आहे. दार? दार उघडं आहे, आणि माणूस यायचा आहे तो मीच.